उणे चाळीस

जुलैतली संध्याकाळ. सारेमा बेटावर सात वाजता
ऊन अजून कमरेएवढं उभं असतं,
जुनिपरच्या झुडपांत डासांचा बाजार भरलेला,
आणि माझी गाडी कुडकुडते आहे.

म्हणजे तिला तसं वाटतं आहे.
सायलेन्सरमधून काळा धूर,
पेट्रोलचा वास माझ्या केसांच्या मुळापर्यंत,
आणि हातातल्या यंत्रावर आकडा: उणे चाळीस.
सेन्सरची तार आतल्या आत तुटली की
इंजिनाला तेवढा एकच आकडा ऐकू येतो.
मग ते बिचारं इमानेइतबारे
घोट घोट जास्तीचं पेट्रोल पीत राहतं,
गोठून मरू नये म्हणून.

नवा सेन्सर चौदा युरोंचा.
मुठीत मावतो, मुठीतच हरवतो.
कुरेसारेच्या राइव्होने विचारलं,
"कुठे बसवलाय माहीत आहे ना?"
आणि फोन ठेवेपर्यंत हसत होता.

सीट काढली. टाकी काढली,
झोपलेलं पोर ठेवावं तशी घोंगडीवर ठेवली.
एअर बॉक्स. क्लॅम्प. रबराने घट्ट धरलेली
थ्रॉटल बॉडी हलवून हलवून,
दुधाचा दात पाडतात तशी.
एक बोल्ट निसटून आत कुठेतरी
टण टण टणत गेला
आणि मधेच गप्प झाला.

एवढं उचकटूनही तो दिसत नाही.
सिलिंडरमागे, दोन नळ्यांच्या बेचक्यात
पितळेची षटकोनी मान,
तीसुद्धा बोटांच्या टोकांना, तीसुद्धा क्षणभर.
पाना बसतो तर फिरत नाही,
फिरतो तर बसलेला नसतो.
मनगट तिरपं, कोपर फ्रेमच्या नळीवर,
बोटांच्या पेरांची सालं निघालेली.
आईच्या मेकअपचा आरसा आत धरला,
त्यात माझाच घामेजलेला डोळा.

अकरा वाजले. रात्र होतेय असं नुसतं दाखवते इथे;
दारातून ताकाच्या निवळीसारखा उजेड.
शेजारचा काल्यो आला. अंगात लोकरीचा स्वेटर,
वर्षाचे बाराही महिने असतो.
तो जन्मला येनिसेईच्या काठी,
आणि सात वर्षांचा असताना या बेटावर "परत" आला,
जिथे आधी कधी आलाच नव्हता.

यंत्रावरचा आकडा त्याने वाचला. चश्मा वर करून पुन्हा वाचला.
"उणे चाळीसला," म्हणाला,
"थुंकी जमिनीवर पडायच्या आधी वाजते."
एवढंच. पुढचं मी विचारलं नाही,
त्याने सांगितलं नाही,
डासांनी मात्र आपलं चालू ठेवलं.

मग त्याने डावा हात पुढे केला.
त्याला दोन बोटं कमी आहेत,
सत्त्याऐंशी साली, इथल्याच लाकूडगिरणीत गेली;
"तिकडे नाही," असं तो आपणहून सांगतो,
लोकांचे चेहरे प्रश्न विचारायला लागायच्या आत.
तीन बोटांचा तो अरुंद हात
दोन नळ्यांमधून असा गेला
जसं मांजर कुंपणातून.
डोळे मिटलेले. ओठ काहीतरी मोजणारे.
"पाना." दिला.
"तो नाही, आखूड." दिला.
कट्, एक बारीक आवाज,
आणि हिरवं गोडसर वासाचं पाणी
त्याच्या बाहीत कोपरापर्यंत.

नवा त्यानेच बसवला.
"जास्त आवळू नकोस," मी म्हणाले, "ॲल्युमिनियम आहे."
"आइवे," तो म्हणाला, "मला काय शिकवतेस,"
आणि अर्धा फेरा कमी केला.

हरवलेला बोल्ट सापडला नाही.
वर एक भलताच सापडला,
कुठला ते आम्हा दोघांनाही अजून माहीत नाही.
उद्या नऊच्या फेरीबोटीत मला गाडी चढवायची आहे.

किल्ली फिरवली. यंत्र जरा विचारात पडलं.
"चोवीस," मी म्हणाले.
"असेल," म्हणाला काल्यो,
आणि भिजलेली बाही पिळून
मनगटापर्यंत पुन्हा खाली ओढली.